जुन्या गोव्याची एक दिवसाची सहल आणि झेवियरांची चांदीची पेटी

बेळगावहून पहाटे साडेपाचला निघायचं, चोर्ला घाटानं जुन्या गोव्याला जायचं आणि रात्री साडेनऊला घरी, अशी एक दिवसाची सहल आम्ही फेब्रुवारीत केली. माणशी १,६०० रुपये. त्यात गाडी, नाश्ता, जेवण आणि तिथली गाईड. सहल चालवणाऱ्यांचं नाव इथं देत नाही. पुढं दोन-तीन तक्रारी येणार आहेत; त्या मी त्यांच्या तोंडावर बोललोय, त्यांनी ऐकूनही घेतल्यात. मग नाव चव्हाट्यावर कशाला मांडायचं? पण या वाटेनं अशा बऱ्याच गाड्या जातात. त्यात बसण्याआधी काय विचारून घ्यावं हे कळलं, तर चार लोकांच्या उपयोगी पडेल.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं मत कुठल्या बाजूनं येतंय ते ध्यानात येईल. शहापूरच्या सराफ गल्लीत आमचं पिढीजात चांदीकाम. मुखवटे, प्रभावळी, पालखीचे पत्रे, देवीचे टोप. चाळीस वर्षं ऐरणीसमोर बसलोय. जुन्या गोव्याला लोक चर्च बघायला जातात, सेंट फ्रान्सिस झेवियरांच्या दर्शनाला जातात. मी गेलो ते त्यांचं शरीर ज्या पेटीत ठेवलंय ती पेटी बघायला.

ती पेटी मी पहिल्यांदा पाहिली १९७८ साली. आमची कुलदेवता म्हार्दोळची म्हाळसा. दरवर्षी मे महिन्यात आण्णा आम्हाला घेऊन म्हार्दोळला जायचे. तेव्हा बेळगाव-लोंढा-कॅसलरॉक अशी मीटरगेजची गाडी, दूधसागरच्या पुलावरून धुरानं डोळे चोळत जायचं. त्या वर्षी अभिषेक उरकल्यावर आण्णा म्हणाले, "चल, तुला एक काम दाखवतो." बसनं जुन्या गोव्यात उतरलो. चर्चमध्ये शिरताना मी बिचकलो. मी तेरा वर्षांचा, गळ्यात जानवं, कपाळाला म्हाळसेचं कुंकू. आण्णांनी हात धरला आणि थेट उजव्या बाजूच्या त्या दालनासमोर नेऊन उभं केलं. वर बोट करून एवढंच म्हणाले, "राळेवरचं काम आहे. नीट बघ." आम्ही तासभर तिथं उभे होतो. माझे पाय दुखायला लागले तरी आण्णा हलेनात.

आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी दोनदा गेलो, पण एकदा रविवारी सकाळी प्रार्थना चालू होती आणि एकदा गर्दीनं पुढं ढकललं. या खेपेला भाचाही बरोबर आला. तो आता माझ्याबरोबर काम शिकतोय. त्याचा ओढा डाय (छापाचा साचा) आणि लेझर मशीनकडे. त्याला ते बघू दे, हाही हेतू होता.

गाडीबद्दल तक्रार नाही. बारा जणांचा टेम्पो ट्रॅव्हलर, सीट चांगल्या, एसी चालू. ड्रायव्हर खानापूरकडचा, घाटातला रोजचा माणूस. जांबोटीत चहा-उप्पीट, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी दहा मिनिटं थांबा. तिथंच मलप्रभा उगम पावते, तेवढं त्यानं आपणहून सांगितलं. बायकांची सोय कुठं आहे, हेही न विचारता सांगितलं. चोर्ल्याला धुकं होतं, त्यानं एकदाही घाई केली नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस याच रस्त्यानं आपल्या बाजूचे ख्रिस्ती भाविक चालत जुन्या गोव्याला जातात, डोक्यावर पिशव्या, पुढं झेंडा, असं तो सांगत होता. "आपल्या पंढरीच्या वारीसारखंच की," म्हणाला. ३ डिसेंबरला झेवियरांचं फेस्त म्हणजे सण असतो, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना. त्या दिवसांत ही सहल घेऊ नका. पेटी दिसणार नाही, माणसांची डोकीच दिसतील.

साखळी, आमोणा, माशेल करत साडेनऊला जुन्या गोव्यात. गाईडबाई वाटच बघत होत्या. मराठी उत्तम, मधूनच कोकणी. त्यांनी आधी से कॅथेड्रल दाखवलं. ते फार मोठं आहे, सेंट कॅथरिनच्या नावाचं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर १५१० चा दिवस, त्या दिवशी कॅथरिनचा सण असतो, म्हणून ते नाव. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. गाईडबाईंनी इथं पाऊण तास घेतला. त्यातली वीस मिनिटं तरी बासिलिकेला, म्हणजे पेटी असलेल्या चर्चला, द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्ता ओलांडला की समोर बासिलिका ऑफ बॉम जीझस. बॉम जीझस म्हणजे शब्दशः भला येशू, इथं बाळ येशू. चर्च त्याच्या नावाचं आहे, झेवियरांच्या नावाचं नाही. बऱ्याच जणांची इथं गल्लत होते. पायाचा दगड बसवला २४ नोव्हेंबर १५९४ ला आणि १५ मे १६०५ ला आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हातून त्याचं अर्पण झालं. आमच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च इंग्रजांच्या वेळचं, टोकदार कमानींचं. हे त्याहून अडीचशे वर्षं जुनं आणि घाटणी अगदी वेगळी: जांभ्याचा तांबूस रुंद दर्शनी भाग, त्यावर काळ्या दगडाचे खांब, वर चौकटीत येशूच्या नावाची तीन अक्षरं. तो काळा दगड वसईहून आणलेला. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, भुगा होतो. म्हणून जिथं कोरायचं तिथं काळा दगड वापरलाय. कारागिराला हे लगेच उमगतं.

एक गोष्ट गाईडबाईंनी फार चांगली सांगितली. आज भिंती जांभ्याच्या उघड्या दिसतात, फोटोत छान येतात, पण हे चर्च मुळात चुन्याच्या गिलाव्याचं होतं. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारनं तो गिलावा काढून टाकला, जुनेपणा दिसावा म्हणून. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट जांभ्यात मुरतो. जांभ्याचं घर बांधलेल्या कुणालाही विचारा, वरचा गिलावा गेला की दगड पाणी पितो. जागतिक वारसा म्हणून १९८६ साली नोंद झालेली ही वास्तू दर पावसाळ्यात भिजतेय, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटलं.

आत शिरलं की समोर सोन्याच्या मुलाम्याची वेदी. बाळ येशू खाली, त्याच्या वर सेंट इग्नेशियस लोयोलांची दांडगी मूर्ती. इग्नेशियस म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती पाद्र्यांच्या संघाचे मूळ पुरुष, झेवियरांचे गुरू आणि मित्र. हे चर्च जेझुइटांचं.

झेवियरांची गोष्ट गाईडबाईंनी बाकावर बसवून सांगितली, आणि ती ऐकण्यासारखी होती. स्पेनच्या नवारे भागात, झेवियरच्या वाड्यात ७ एप्रिल १५०६ ला जन्म. पॅरिसला शिकायला गेले, तिथं इग्नेशियस भेटले. १५३४ साली सात मित्रांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर व्रत घेतलं, त्यातले हे एक. लिस्बनहून जहाजात बसले १५४१ साली, गोव्यात उतरले ६ मे १५४२ ला. वर्षभराहून जास्त समुद्रात! आल्यावर राजवाड्यात न उतरता इस्पितळात उतरले, रोग्यांच्या शेजारी. हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीत हिंडायचे, मुलं गोळा करायचे आणि त्यांना प्रार्थना शिकवायचे. पुढं तामिळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये, मग मलाक्का, मोलुक्काची बेटं, १५४९ साली जपान. गोव्यात ते सलग फार राहिलेच नाहीत. चीनला जायचं म्हणून निघाले आणि किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला वारले. वय सेहेचाळीस. जवळ एक चिनी सोबती, बाकी कुणी नाही.

शरीर चुना टाकून पुरलं होतं, मांस लवकर झडावं आणि हाडं सोबत नेता यावीत म्हणून. काही महिन्यांनी उकरलं तेव्हा ते जसंच्या तसं होतं, असं त्या वेळच्या माणसांनी लिहून ठेवलंय. मलाक्कामार्गे १५५४ च्या मार्चमध्ये ते गोव्यात आणलं. आधी सेंट पॉल कॉलेजात ठेवलं. त्या कॉलेजाची आता फक्त एक कमान उभी आहे. १६२२ साली पोपनं त्यांना संत जाहीर केलं आणि त्यानंतर शरीर या चर्चमध्ये आलं. उजवा हात कोपरापासून खाली १६१४ साली काढून रोमला नेला, तो तिथल्या जेझुइटांच्या चर्चमध्ये आहे. दर दहा वर्षांनी शरीर खाली उतरवून लोकांना दर्शनाला ठेवतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. म्हणजे पुढचं २०३४ च्या सुमाराला.

हे सगळं सांगायला पंधरा मिनिटं गेली. मग एका बाईनं पायाचं बोट चावून नेल्याची गोष्ट, त्याला आणखी पाच. मग आम्ही त्या दालनापाशी गेलो आणि गाईडबाई म्हणाल्या, "वर चांदीची पेटी आहे, त्यात संतांचं शरीर आहे, फोटो काढून घ्या, दहा मिनिटं."

दहा मिनिटं!

आता मी ती पेटी सांगतो, कारण तिथं कुणी सांगत नाही.

ती उंचावर आहे. खाली तीन टप्प्यांचा रंगीत दगडाचा चौथरा. तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानं पाठवला. झेवियरांचं डोकं ज्या उशीवर टेकलं होतं ती उशी त्याला मिळाली, त्याच्या बदल्यात ही भेट. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी यानं दहा वर्षं काम केलं, जास्पर आणि संगमरवराचे तुकडे जहाजानं आले आणि १६९८ साली इथं जोडले. चार बाजूंना ब्राँझचे चार पत्रे, संतांच्या आयुष्यातले चार प्रसंग. ते काम उत्तम आहे, ओतीव आहे, त्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. शिल्पकाराचं नाव, गाव, राजाचं नाव, सगळं नोंदवलेलं.

त्या चौथऱ्यावरची चांदीची पेटी मात्र साठ वर्षं आधीची आहे. १६३६-३७ साली ती झाली, मार्सेलो मास्त्रिल्ली नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्यानं करवून घेतली. आणि केली कुणी? गोव्याच्या सोनारांनी. एवढंच लिहिलेलं सापडतं: गोव्याचे सोनार. नाव नाही.

पेटीच्या अंगावर ३२ पत्रे आहेत, एकेका पत्र्यावर झेवियरांच्या आयुष्यातला एकेक प्रसंग. पूर्वी त्यावर रत्नंही जडवलेली होती. मी भाच्याच्या मुलीची क्रिकेट बघायची दुर्बीण नेली होती. ती डोळ्याला लावली आणि समोरच्या बाजूचे पत्रे एकेक करून बघितले.

उठावाचं काम कसं होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल एकत्र शिजवायचं. गरम असताना ते लापशीसारखं, गार झाल्यावर कणखर, पण दगडासारखं कडक नाही. ठोक्याखाली दबतं आणि पत्र्याला धरून ठेवतं. त्यावर चांदीचा पत्रा पालथा बसवायचा आणि मागून ठसे ठोकून आकृती फुगवायची. चार-सहाशे ठोके पडले की चांदी कडक होते. मग पत्रा राळेतून सोडवायचा, बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत, लाल करून मऊ करायचा, पुन्हा बसवायचा. पोट पुरेसं फुगलं की पत्रा उलटायचा, पोकळीत राळ भरायची आणि पुढून डोळे, नाक, बोटं, कपड्याच्या चुण्या काढायच्या. जिथं आकृती सगळ्यात वर येते तिथं पत्रा सगळ्यात पातळ होतो. एक ठोका जास्त पडला की फाटतो, मग झाळ, म्हणजे डाग, लावून कितीही बुजवलं तरी जाणत्याला दिसतं.

त्या पत्र्यांत माणसं एकामागं एक उभी आहेत. पुढचा माणूस चांगला उंच उठवलेला, त्याच्या खांद्यामागून दुसऱ्याचं डोकं अर्धंच वर आलेलं, त्याच्या मागं तिसरा नुसत्या रेघेचा. एका चांदीच्या पत्र्यात तीन थरांची गर्दी. मी प्रभावळीवर दशावतार काढतो तेव्हा प्रत्येक अवताराला वेगळी जागा देतो, एकामागं एक उभं करायचं धाडस मी अजून केलेलं नाही. आणि झग्याच्या चुण्या! पाद्र्याचा झगा आमच्या सोनारानं कधी घातला नसेल, पण गुडघा टेकल्यावर कापड कुठं ताणतं आणि कुठं गोळा होतं हे त्यानं नीट पाहिलेलं होतं. एका ठिकाणी तर टाचेपाशी कापडाची घडी उलटलेली आहे, आतली बाजू दिसते. कुणी मागितली नसती ती घडी. त्यानं काढली.

माणसांचे चेहरे मात्र मला ओळखीचे वाटले. डोळे मोठे, पापण्या जड, ओठ भरीव. आपल्याकडच्या जुन्या मुखवट्यांवर असेच असतात. युरोपातून आलेल्या चित्रांवरून प्रसंग घेतले असतील, पण हात म्हाळसेचा मुखवटा घडवणाराच होता, असं मला दुर्बिणीतून बघताना वाटलं. हे माझं मत, पुरावा माझ्याकडे नाही. चाळीस वर्षांचा हात आहे, तेवढाच.

त्या काळात हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करवून घेऊ नयेत असे हुकूम गोव्यात निघत होते, आणि एकदा निघून थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा निघाले. यावरूनच कळतं की काम कुणाकडे जात होतं. आमच्या जातीतला रवळू शेट नावाचा गोव्याचा सोनार तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट लिस्बनला जाऊन पोर्तुगालच्या राजाची कामं करून आला. पेटी घडवणारे धर्म बदललेले होते की नव्हते, कोण जाणे. राळ तीच, ठसे तेच.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, हे डायवर निघेल?"

मी म्हटलं, "निघेल. बत्तीस डाय पाडायच्या, आणि एकेक डाय एकदाच वापरायची."

त्यानं माझ्या हातातून दुर्बीण घेतली ती गाडीत बसेपर्यंत दिली नाही.

इथं एक प्रसंग घडला तोही लिहितो. गाईडबाईंनी संभाजी महाराजांची गोष्ट काढली. १६८३ साली महाराजांची फौज गोव्याच्या उंबरठ्यावर आली, जुवें बेट घेतलं. जुन्या गोव्यातून समोर दिसावं इतकं ते जवळ. पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः लढायला गेला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. शहर पडणार हे दिसत होतं. तेव्हा तो या चर्चमध्ये आला, पेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संतांच्या हाती देऊन म्हणाला, आता राज्य तुम्हीच सांभाळा. आणि मराठी फौज मागं फिरली. तेव्हापासून नवा गव्हर्नर आला की आधी इथं येऊन संतांच्या समोरून राजदंड घ्यायचा, अशी रीत पडली.

गोष्ट ऐकून दोघी-तिघींनी हात जोडले. आमच्या गाडीत खानापूरचे एक निवृत्त शिक्षक होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. त्याच वेळी औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन घाट उतरत होता. महाराजांना पाठीवर मोगल घेऊन गोव्यात अडकता येत नव्हतं." गाईडबाई म्हणाल्या, "होय सर, तेही खरं. मी दोन्ही सांगायला हवं." आणि पुढच्या गटाला त्या दोन्ही सांगतील असं मला वाटतं, कारण त्यांनी शहाआलमचं नाव मोबाईलमध्ये टिपून घेतलं. अशी गाईड मिळणं हे या सहलीचं भाग्य.

आता जे मनात सलतं तेही सांगायला हवं. १५४६ साली झेवियरांनी आंबोइना बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणावं अशी मागणी केली. ते सुरू झालं १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि कायमचं बंद झालं १८१२ साली. आमची म्हाळसा मूळ वेर्ण्याची. सोळाव्या शतकात देवळं पडायला लागली तेव्हा तिला नदीपलीकडं म्हार्दोळला न्यावं लागलं. आमचे पूर्वज घाट चढून बेळगावच्या बाजूला आले ते अशाच काळात, असं घरात सांगत आलेत. सहलीत हा विषय निघालाच नाही. मी गाडीत गाईडबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, से कॅथेड्रलच्या बाजूला इन्क्विझिशनची कचेरी होती, आता इमारत नाही. मला वाटतं हे मुख्य माहितीतच यावं. दर्शनाला येणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा यात काही अपमान नाही, आणि आमच्यासारख्यांना ते न ऐकता परत जावं लागलं की घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

आण्णांना हे सगळं ठाऊक होतं. म्हाळसेच्या बदललेल्या देवळातून निघून, त्याच दिवशी, त्यांनी मला त्या पेटीसमोर उभं केलं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. या खेपेला तिथं उभं राहिल्यावर मी हात जोडले. कुणाला जोडले ते माझं मला माहीत आहे.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. बासिलिकेला एकूण पस्तीस मिनिटं मिळाली. त्याउलट परतीच्या वाटेवर एका काजूच्या दुकानात पाऊण तास गाडी थांबली. आमच्यातल्या कुणालाही काजू नको होते; बेळगावात मिळतात. तो पाऊण तास कुणाच्या फायद्याचा होता ते सगळ्यांना कळतं, आणि १,६०० रुपये देऊन आलेल्या माणसाचा वेळ असा घेणं बरोबर नाही.

दुसरी जेवणाची. जिथं नेलं तिथं एक तास वीस मिनिटं ताट आलं नाही. आलं तेव्हा शीत-कढी (भात-आमटी) गार, सोलकढी पातळ. ज्या ज्येष्ठांना साखरेची गोळी वेळेवर घ्यायची असते त्यांचे हाल झाले. आमच्या मंडळींनी घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं म्हणून निभावलं. शेजारच्या आजींनाही त्यातली भाकरी दिली. बरोबर डबा न्याच.

तिसरी, छापील कार्यक्रमात सेंट कायतान चर्च आणि व्हाइसरॉयची कमान दोन्ही लिहिलं होतं. कमान धावत्या गाडीतून दाखवली. कायतानला गेलोच नाही.

जाणाऱ्यांनी हे करावं. रविवार टाळा, सकाळी तिथं प्रार्थना असते. मंगळवार-बुधवारी जा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर दारात अडवतात. आत बोलू नका. आमच्या गटातल्या दोघांना तिथल्या माणसानं हात जोडून गप्प केलं, ते बरोबरच होतं, बाजूला माणसं प्रार्थना करत बसलेली असतात. दुर्बीण न्या, लहान मुलांची असली तरी चालेल. मोबाईलचा झूम उपयोगाचा नाही, चांदीवर दिव्याचा उजेड पडतो आणि सगळं पांढरं येतं. गाईडना आधीच सांगून ठेवा की पेटीपाशी अर्धा तास हवा. पेटीच्या डावीकडच्या कोपऱ्यात सरकून उभं राहिलात तर उजेड तिरपा येतो आणि उठाव दिसतो. समोरून सगळं सपाट वाटतं.

एवढं असूनही पुन्हा याच गाडीनं जाईन का? जाईन. ड्रायव्हर आणि गाईडबाई दोघंही मनापासून काम करणारे आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला घाटातून स्वतः गाडी हाकत जाणं जमत नाही. मी सहलवाल्यांना फोन करून काजूचं दुकान काढा आणि तो वेळ बासिलिकेला द्या असं सांगितलंय. बघतो म्हणालेत. पाचपैकी साडेतीन.

परवा भाच्यानं माळ्यावरचं आण्णांचं राळेचं घमेलं खाली काढलं. राळ कडक होऊन तडकली होती. त्यानं ती फोडून, थोडं तेल घालून पुन्हा शिजवली, आणि एका चार इंची पत्र्यावर एकामागं एक दोन माणसं उठवायला बसला. मागच्याचं नाक फाटलं. दुसरा पत्रा कापून दिलाय.